मोहाळीच्या तळ्यावर दमणी

बोथ,
१६ जून १९९१

चि. बाबाराव यास वच्छलाताईचे अनेक आशीर्वाद.

आज दुपारी जेवायला बसले आणि एकटीच हसत सुटले. तुला आठवतं का, मी कॉन्व्हेंटमधून पहिल्यांदा सुटीत मांडवखेडला आले होते? मामींनी चुलीपुढे आपल्याला वाढलं होतं. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. मी हात जोडले, डोळे मिटले आणि सिस्टरांनी शिकवलेली इंग्रजी प्रार्थना पुटपुटत बसले. तुम्ही सगळे घास हातात धरून थांबलात. शेवटी तू म्हणालास, "ताई, तुह्या देवाले म्हनाव आटप लवकर. भाकर थंडी होऊन राह्यली." मामी इतक्या हसल्या की तव्यावरची भाकर करपली. त्यानंतर मी प्रार्थना मनातल्या मनात म्हणायला शिकले. अजून तशीच म्हणते.

आमच्याकडे बरं आहे. झटक्यानंतर उत्तमरावांचा डावा पाय अजून साथ देत नाही, पण जीभ पूर्ववत झाली आहे, त्यामुळे घरात पुष्कळ आवाज असतो. काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दुकान कसं चालवावं ते सांगतात. आपलं दुकान सोडून आता दुसऱ्यांची चालवतात.

पत्राचं कारण वेगळंच आहे. बोथपासून जवळच, हमरस्त्याच्या आतल्या अंगाला मोहाळीचं तळं आहे. जंगल खात्यानं त्याला कुंपण घातलं, फाटक बसवलं, झाडांखाली बाकं ठेवली. फाटकापासून पाण्यापर्यंत सागातून मातीची वाट जाते, मैल-दीड मैलाची. पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर करकोचे घरटी करतात. मी रोज सकाळी तिथे चालत जाते. दर रविवारी उत्तमरावही येतात, आमचे शेजारी सुधाकरराव किराणावाले त्यांना आपल्या जीपमध्ये घालून थेट पाण्यापाशी नेतात.

पण आता रविवारी निर्मळ, आदिलाबाद, पार नागपूरच्या मोटारी येतात. सगळ्यांना पाण्याला चाक लावायचं असतं. धुरळा, भोंगे, टेपरेकॉर्डर. गेल्या रविवारी एका मोटारीनं इतका वेळ भोंगा वाजवला की बाभळीवरचे सगळे करकोचे एकदम उठले आणि दोन घरटी पाण्यात पडली. रेंजर व्यंकटरत्नम साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अम्मा, आता फाटकाला कुलूप. कोणालाच आत सोडत नाही."

मी म्हटलं, "माणसांना कशाला कुलूप? मोटारींना लावा."

"मग लोक जाणार कसे?"

"पायी. सायकलीनं. नाही चालवत त्यांच्यासाठी बैलगाडी."

ते हसले. "आणा बैलगाडी. चालवून दाखवा. मग बघू."

आता बोथच्या आसपास बंड्या पुष्कळ आहेत, पण सगळ्या ओझ्याच्या. माणसांनी नीट बसावं अशी दमणी कोणाकडे उरली नाही. तुझ्याकडे आहे. बैलही आहेत. एकदा येऊन दाखवशील का? इथले शेतकरी बघतील आणि पुढचं ते करतील.

मामींना नमस्कार. गयाबाईला आशीर्वाद.

तुझी,
वच्छलाताई

.

मांडवखेड,
ता. २ जुलै

ती. वच्छलाताई आनि भाऊजी यायले बाबारावचा दंडवत.

पत्र पावलं. आईले वाचून दाखवलं. आई म्हने, त्या दिवशी एक नाही, दोन भाकरी करपल्या होत्या, दुसरी तिनं बाबाच्या ताटात खाली लपवली होती.

ताई, राग नको मानू, पन एक इचारतो. मानसाचा जलम गेला बैलगाडीतून मोटारीत जाऊन बसाले. अन् तू त्याईले मोटारीतून उतरवून परत बैलगाडीत बसवाचं म्हनतेस! हे उलटं काऊन? गया म्हनते, सुधाकररावासंगं काही बिनसलं असन, म्हनून त्याच्या जीपवर राग हाय. तसं असन तं सांग. मी येऊन समजावतो त्याले. त्याच्यासाठी करकोचे मधात घ्यायचं काम नाही.

दमनी झकास हाय. (हे लिवून राह्यलो अन् गया मांगून वाचून हासून राह्यली.) बरं, खरं सांगतो. दमनीत कोंबडी बसली हाय अंड्यावर. पिल्लं निघाल्याबिगर ते काही उठत नाही आनि आई तिले उठवू देत नाही. वरचं छप्पर उंदरानं खाल्लं. एका चाकाची लोखंडी धाव ढिली हाय. बाकी झकास.

बैल म्हनशील तं तांब्या आनि चंदर एकदम ताजे हायत. पन सध्या कपाशीत तन काढाले डवरे चालू हायत. श्रावन लागल्यावर मोकळे होतीन.

भाऊजीले सांग, बोथचं दुकान चालवनं झालं की मांडवखेडचं शेत बी चालवाले या. इकडं सल्ला देनारा कोनी नाही.

तुहा भाऊ,
बाबाराव

.

बोथ,
२१ जुलै

चि. बाबाराव यास आशीर्वाद.

सुधाकररावांशी माझं काही बिनसलेलं नाही. बिनसलंय ते घरातच. मागच्या पत्रात मी ते लिहिलं नाही, कारण मला वाटलं आपोआप मिटेल.

उत्तमराव माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हते. मी रेंजरसाहेबांना काय सांगून आले ते कळल्यावर म्हणाले, "वा! मला घरात कोंडायचा ठराव माझ्याच बायकोनं मांडला."

"कोंडायचा कुठे? दमणी येईल ना."

"येईल, येईल. स्वर्गातून येईल. जीप दारात उभी आहे, ती नको आणि जी कोंबडीखाली आहे ती हवी!"

(तुझं पत्र त्यांनी वाचलं, हे ओळखलं असशीलच.)

त्यांचं खोटं नाही, बाबाराव. पाय गेल्यापासून त्यांना घराबाहेरचं म्हणून एवढंच उरलं आहे. रविवारी तळ्यावर गेले की ते आठवडाभर असतात त्याहून वेगळेच होतात. मोटारी अशाच येत राहिल्या तर साहेब कुलूप लावतील आणि मग कोणीच जाऊ शकणार नाही, तेही नाहीत. मोटारी थांबवल्या आणि दमणी आली नाही, तर सगळं गाव जाईल आणि माझा नवरा तेवढा ओट्यावर बसेल. मला दोन्ही नको आहे. म्हणून तुला त्रास देते.

दरम्यान मी स्वस्थ बसले नाही. मराठी, तेलुगु आणि इंग्रजीत पाटी रंगवून घेतली, 'कृपया वाहन येथे ठेवा, पुढची वाट सुंदर आहे.' लोकांनी पाटीसमोर उभं राहून फोटो काढले आणि मोटारीत बसून पुढे गेले. मग मी फाटकापाशी ताकाचा माठ ठेवला. जो मोटार इथे ठेवील त्याला ताक. लोक उतरले, ताक प्यायले, छान आहे म्हणाले आणि मोटारीत बसून पुढे गेले. निर्मळचे एक डॉक्टर मला म्हणाले, "बाई, आम्ही हवा खायला आलो, चालायला नाही." मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्याकडे माझे यजमान आले होते तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं? रोज चाला." ते खजील झाले, पण मोटारीतच.

एक मात्र जमलं. सायकल दुकानाचा नागनाथ फाटकाशी सायकली ठेवायला तयार झाला. कॉलेजच्या मुली आधी लाजल्या, मग आपसांत शर्यत लावून गेल्या. मला माझ्या सिस्टर आठवल्या. आम्हाला सायकल शिकवताना त्या स्वतःच पायघोळ झगा सावरत आधी पडल्या होत्या.

रेंजरसाहेबांनी आता दिवस ठरवला आहे. रविवार, आठ सप्टेंबर. आदिलाबादहून मोठे साहेब येणार. त्या दिवशी सगळ्या मोटारी फाटकाशी थांबवायच्या. लोक आपणहून आत गेले, गाडी चालली, तर तळं सगळ्यांना खुलं. नाही जमलं तर मोठे साहेब कुलपाचा हुकूम काढून जातील. एकच संधी आहे.

कोंबडीला माझा नमस्कार सांग आणि आटपायला सांग.

वच्छलाताई

.

मांडवखेड,
ता. २६ ऑगस्ट

ती. ताईले दंडवत.

कोंबडी उठली. नऊ पिल्लं निघाली. दमनीले नवं छप्पर घातलं, बांबूचं. धाव बसवली. खाली कडब्याची गादी. भाऊजीले सांग, स्वर्गातून नाही, मांडवखेडातूनच येऊन राह्यली.

पन ताई, आता माह्यं डोस्कं धरून बसाची पाळी आली. तुही तारीख मी खुशाल मानली. मले तारखा काय समजतेत? मी अमावास्या-पुनवंवर चालनारा मानूस. काल गुरुजीले इचारलं, आठ सप्टेंबर म्हनजे कोनता दिवस, घरून कवा निघाचं. गुरुजी माह्याकडं पाहून म्हने, "बाबाराव, त्या दिवशी पोळा हाय!"

ताई, पोळा! वरीसभर ज्याच्या खांद्यावर आपन जू ठेवतो, त्याचा एक दिवस. आदल्या सांजेले त्याची खांद शेकाची, लोनी-हयद लावाची, अन् कानात सांगाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. त्या दिवशी त्याले कोनी जुंपत नाही. मी नाही, माह्या बापानं नाही, त्याच्या बापानं नाही. तू पाय धरले तरी नाही जुंपनार. मोठा साहेब आला तरी नाही.

साहेबाले सांगून तारीख बदल. एक दिवस मांगं नाही तं पुढं.

बाबाराव

.

बोथ,
१ सप्टेंबर

चि. बाबाराव,

तुझं पत्र मिळालं. चूक माझी आहे. आमच्या भिंतीवर बँकेचं कॅलेंडर आहे, त्यावर नुसते आकडे. रविवार दिसला आणि मी हो म्हटलं. मांडवखेडात सुट्या काढलेल्या मुलीला पोळा आठवू नये, हे माझं मलाच पटत नाही. उत्तमरावांना सांगितलं तर "अरे हो की," एवढंच म्हणाले आणि वर्तमानपत्रामागे तोंड घातलं. त्यांनाही वाईट वाटलं असावं.

व्यंकटरत्नम साहेबांकडे गेले. ते पश्चिम गोदावरीकडचे, पोळा म्हणजे काय हे त्यांना समजावण्यातच निम्मा वेळ गेला. समजल्यावर फार हळहळले. पण मोठ्या साहेबांचा दौरा वरून ठरलेला आहे, पुन्हा दिवाळीनंतरच येतील. तोवर कुलूप राहील. एकदा लागलेलं सरकारी कुलूप मी माझ्या आयुष्यात निघालेलं पाहिलं नाही.

बैल जुंपायला मी सांगणार नाही. आणि पोळ्याला घरचे बैल घरीच असावेत, हेही मला कळतं. तू आला नाहीस तर मी मुळीच रागावणार नाही. रविवारी फाटकाशी ताक घेऊन उभी राहीन, जे होईल ते होईल.

बैलांसाठी इथून काही पाठवता येत नाही, म्हणून माझ्या वाटची एक पोळी तू त्यांना घाल.

वच्छलाताई

.

मांडवखेड,
गुरुवार, ५ सप्टेंबर
(बसच्या डायवरच्या हातून)

ताईले गयाचा नमस्कार.

आमचे बैल कुठं हायत?

आज पहाटं उठून पाह्यते तं गोठा रिकामा. रातच्याला मले म्हनले, सकाळी बैलायले नाल ठोकाले बेला गावाले जातो. आता मले सांगा, नाल ठोकाले दमनी घेऊन कोन जाते? नवं धोतर नेसून कोन जाते? आत्याबाईले इचारलं तं त्या जप करून राह्यल्या. एरवी कधी जप करत नाहीत. म्हनजे त्याईले बी माहीत होतं.

तुमचं एक तारखेचं पत्र उशीखाली सापडलं. तुमी येऊ नको म्हनून लिवलं. तुमाले वाटते तुमी येऊ नको म्हनून लिवलं! ताई, तुमी एवढं गोड लिवलं की त्याच्याऐवजी मी असती तं मी बी निघाली असती.

माह्यं काय होईन ते आयका. पोळ्याले गावातले सगळे बैल तोरनाखाली उभे राहतीन, आनि आमचा खुंटा रिकामा. शेजारची कौशल्याबाई दारात येऊन इचारन, "काऊन वं गया, इकले का?" मी काय सांगू? तळ्यावर मोटारवाल्यायले फिरवाले गेले म्हनू? मी पुरन शिजवलं ते कोनाले घालू?

आनि एक. पोळ्याच्या दिवशी माह्या तांब्याच्या, चंदरच्या खांद्यावर जू ठेवलं असन, तं मी तुमच्या दारात पाय ठेवनार नाही. हे सांगून ठेवते. भाऊजीची तब्येत कशी हाय ते बी लिवा.

गया

.

बोथ,
मंगळवार, १० सप्टेंबर
(बाबारावाच्या हातून)

चि. सौ. गयाबाईस अनेक आशीर्वाद.

आधी एकच गोष्ट सांगते. तांब्या आणि चंदर यांच्या खांद्याला रविवारी जू लागलं नाही. आता खाली बस आणि पुढचं वाच.

शनिवारी दुपारी दमणी दारात उभी राहिली तेव्हा मी वडे तळत होते, झारा हातात तसाच घेऊन बाहेर धावले. बाबाराव म्हणाला, "ताई, गाडी आनली, बैल आनले, पन उद्या जुंपनार नाही." मी म्हटलं, "मग आलास कशाला?" तर म्हणाला, "तू एकटी ताक घेऊन उभी राहनार, ते मले पाहावलं नाही." तुझं पत्र त्याआधीच डायव्हरनं आणून दिलं होतं. ते मी बाबारावाच्या हातात ठेवलं. त्यानं वाचलं आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी इथल्या अंगणात दोघांची खांद शेकली. लोणी मी लावलं, हळद उत्तमरावांनी. आवतन बाबारावानं दिलं. रंग आणि बाशिंगं तो सोबत घेऊनच आला होता. झुलींसाठी उत्तमरावांनी दुकानाच्या जुन्या मालातला लाल मखमलीचा तागा काढायला लावला, वीस वर्षं कोणी घेतला नव्हता तो. रविवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या बायका आरत्या घेऊन आल्या. बोथला शेतीची घरं आहेत, पण बाजारपेठेच्या गल्लीत पोळ्याचे बैल कित्येक वर्षांत आले नव्हते. मथुराबाईंनी तर आपल्या नातवंडांना बैलांच्या पाया पडायला लावून, मग माझ्याही पाया पडायला लावलं. बैलांच्या रांगेत मी कुठे बसते ते मला कळलं नाही.

मग तळ्याकडे. दमणी नागनाथानं आणि बाबारावानं आदल्या रात्रीच हातानं लोटत फाटकापर्यंत नेऊन ठेवली होती. बैल सजून, मोकळे, बाबारावाच्या पाठोपाठ चालत गेले. उत्तमरावांना सुधाकररावांनी जीपमधून फाटकापर्यंत आणलं आणि खुर्चीवर बसवलं.

मोटारींची रांग लागली होती. शिपाई फाटक उघडेना, म्हणून भोंगे सुरू. एक गृहस्थ नागपूरहून आले होते, त्यांनी मोटारीतूनच विचारलं, "ती बैलगाडी आहे ना, मग चालवा की!" रेंजरसाहेब घामाघूम. तेवढ्यात मोठे साहेब आले. उंच, गंभीर, बूट चकचकीत. त्यांनी बैल पाहिले, दमणी पाहिली आणि हिंदीत विचारलं, "बैल है, बंडी है, तो जोड़ते क्यों नहीं?"

मी तोंड उघडणार तोच बाबाराव पुढे झाला. तुझ्या नवऱ्याची हिंदी तुला ठाऊक आहे.

"साब, आज ये पाहुने हैं. कल शाम को इनको जेवन का आवतन दिया. तुम्हारे घर कोई जेवने को आया, तो उसको तुम पानी भरने को लगाते क्या?"

व्यंकटरत्नम साहेबांनी ते तेलुगुत सांगितलं.  मोठ्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. मी उत्तमरावांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

आणि मग बाबारावानं डोक्यावरचा रुमाल काढला, खांद्यावर घडी करून ठेवला, दमणीपुढे गेला आणि जू उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. म्हणाला, "चला भाऊजी, बसा."

उत्तमराव ताडकन म्हणाले, "मी नाही बसणार. माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसत नाही. एवढा काही मी लाचार झालेलो नाही."

"भाऊजी, हे तुमच्यासाठी हाय असं कोन म्हनते? वरीसभर ते दोघं माह्यं काम करतेत. आज एक दिवस मी त्याईचं करतो. तुमी बसले नाही तं रिकामी गाडी ओढीन, लोक मले येडा म्हनतीन."

उत्तमरावांनी काठी माझ्याकडे दिली.  मी त्यांचा हात धरला, नागनाथानं दुसरा, आणि ते दमणीत चढले.

जुवाची एक बाजू बाबारावाच्या खांद्यावर, दुसरी रिकामी लोंबत होती. गाडी जागची हलेना. तेव्हा गयाबाई, सुधाकररावांनी जीपची किल्ली बायकोच्या हातात दिली, चपला काढल्या आणि दुसरी बाजू उचलली. एवढं मोठं पोट, एवढा मोठा किराणावाला! उत्तमराव आतून ओरडले, "सुधाकरराव, हळू! डावीकडे ओढा!" आणि गाडी हलली. सल्ला द्यायला मिळाल्यावर त्यांचा चेहराच बदलला. पाण्यापर्यंत अखंड सल्ला दिला.

पुढे बैल, मोकळे, आपल्या चालीनं. त्यांच्या पाठी दमणी. मागे मी. मी वळून पाहिलं नाही, पण भोंगे बंद झालेले ऐकू आले. मग मोटारींची दारं लागल्याचे आवाज. नागपूरच्या गृहस्थांची बायको आधी उतरली म्हणे, "पोळ्याची मिरवणूक आहे, मी मोटारीत बसून बघू का?" मुलं नागनाथाच्या सायकलींवर तुटून पडली. निर्मळचे डॉक्टर आले, मला नमस्कार करून पुढे चालू लागले. अर्ध्या वाटेवर सुधाकरराव दमले तर जू उचलायला माणसं पाळीपाळीनं पुढे येऊ लागली, मला आधी, मला आधी. मोठे साहेबही चालले. आदल्या दिवशीच्या पावसाचा चिखल होता, बुटांचं काही विचारू नकोस. एका चढावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मागून दमणीला हात लावला.

पाण्याशी आम्ही थांबलो. बाभळींवरचे करकोचे उडाले नाहीत. एकही नाही. एवढी माणसं, पण सगळी हलक्या आवाजात बोलत होती, आणि मग तेही बोलेनात. तेव्हा तो आवाज आला. करकोचे चोची वाजवत होते, टिपऱ्या वाजवाव्या तशा. आधी एका झाडावर, मग सगळ्या बाभळींवर.

उत्तमराव दमणीत ताठ बसले. म्हणाले, "हे वाजतात?"

"रोज वाजतात," मी म्हटलं.

"मी दोन वर्षं येतो. मला माहीतच नव्हतं. जीप चालू असायची." मग बराच वेळ ऐकत राहिले. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वच्छला, आठला पोळा आहे हे मला जुलैतच माहीत होतं. पंचांग माझ्या उशाशी असतं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, गाडी जुंपली जाणार नाही, तुझा बेत फसेल. कुलूप काय, नुसतं बोलतात, लावत नाहीत. माझी जीप राहील. फसला असता की. तुझा भाऊ मधे आला."

मला रागवायला हवं होतं. मी इतकी हसले की मोठे साहेब वळून बघायला लागले.

जाताना साहेबांनी रेंजरसाहेबांना तेलुगुत हुकूम सांगितला, मला व्यंकटरत्नम साहेबांनी समजावला. फाटक खुलं राहणार. मोटारी बाहेर. आत पायी, सायकलीनं किंवा बैलगाडीनं. इथले महिपत म्हणून शेतकरी आहेत, त्यांनी तिथेच सांगून टाकलं की त्यांचे बैल रविवारी येतील. फक्त गाडी ओझ्याची आहे. तेव्हा बाबाराव म्हणाला, "मग दमनी राहू द्या इथंच." मी नको म्हटलं, त्यानं ऐकलं नाही. म्हणून तो आणि बैल चालत येत आहेत, मधे दोन मुक्काम करून. मोकळ्या खांद्यानं.

खुंटा रिकामा राहिला, कौशल्याबाईंचं ऐकावं लागलं, त्याबद्दल मला क्षमा कर. तिला सांग, आमच्या बैलांचा पोळा बोथला झाला आणि सरकारी साहेब त्यांच्या मागून पायी चालला. हे तिच्या बैलांचं झालेलं नाही.

बाबारावाजवळ पिशवी दिली आहे. केळीच्या पानातल्या दोन पुरणपोळ्या तांब्या आणि चंदर यांच्या, वाटेत बाबारावानं खाल्ल्या नसतील तर. मखमली झुली त्यांच्याच, पेटीत ठेवू नका, थंडीत घाला. हिरव्या बांगड्या आणि जरीचा खण तुला. खण मी निवडला, रंग उत्तमरावांनी नापसंत केला, तेव्हा चांगलाच असणार. मुरमुऱ्याचे लाडू कौशल्याबाईंच्या घरी नेऊन दे, तूच स्वतः दे. बाबारावाचा खांदा सुजला आहे, त्याला जेवू घाल आणि मग बोल काय बोलायचं ते. नालांबद्दल तर जरूर बोल.

आणि तळाशी कापसाची मोठी उशी आहे, ती तुळजामामींची. उत्तमराव जीपमध्ये पाठीशी घ्यायचे ती. त्यांनी स्वतः पिशवीत कोंबली. मी विचारलं, रविवारी तुम्हाला काय? म्हणाले, "मला कडबा पुरे. मऊ बसलं की झोप लागते, आणि मला ऐकायचं असतं." तेव्हा उशी मामींनी ठेवून घ्यावी. परत पाठवू नये.

तुझी,
वच्छलाताई